प्रत्यारोपित हृदय : रक्त कधी घेतले, तेही विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हृदय प्रत्यारोपणाची बातमी बहुधा शस्त्रक्रियेपाशी संपते. शरीर नवे हृदय नाकारत तर नाही ना (रिजेक्शन), याची देखरेख मात्र तिथून पुढे सुरू होते. ‘आता बायोप्सी नको, रक्तातच सगळे कळते’ असे हल्ली सर्रास ऐकू येते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे रुग्णांच्या घरच्यांना कळावे, म्हणून हे पत्र.

बायोप्सीत मानेतल्या शिरेतून बारीक चिमटा हृदयाच्या उजव्या कप्प्यात नेतात आणि स्नायूचे तीन ते पाच कण खुडतात. पहिल्या वर्षात हे अनेकदा करावे लागते. त्यात कधी झडपेचे दोरे दुखावतात, क्वचित भिंतीला भोक पडते. शिवाय शरीर नवे हृदय नाकारू लागते ते ठिकठिकाणी, सगळीकडे सारखे नव्हे. चिमटा धड जागी लागला तर अहवालही निर्धोक येतो.

म्हणून दात्याच्या डीएनएची तपासणी मोलाची. पेशी मरते तेव्हा तिच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात. हृदय दुसऱ्याचे असल्याने त्याचे तुकडे वेगळे ओळखता येतात. साधारण तास-दोन तासांतच ते निम्मे होतात, त्यामुळे तपासणीचा आकडा, म्हणजे रक्तातल्या अशा एकूण तुकड्यांत दात्याचे किती टक्के, आजच्या इजेबद्दल बोलतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे तो चढलेलाच असतो. पुढे सर्वसाधारणपणे ०.१५ ते ०.२५ टक्क्यांच्या आसपासची मर्यादा धरतात. आकडा त्याखाली असेल तर रिजेक्शनची शक्यता कमी. वर गेला तर काहीतरी दुखावले आहे एवढेच कळते. काय, ते सांगायला बायोप्सी लागतेच.

चुका होतात त्या रक्त घेताना. बायोप्सीच्या दिवशी रक्त आधी घ्यायचे, कारण चिमट्याच्या जखमेनेच आकडा वर जातो. साध्या नळीत रक्त पडून राहिले तर रुग्णाच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए मिसळतो आणि दात्याचा टक्का खोटाच घसरतो. यासाठी पेशी टिकवणारी खास नळी असते. ती पूर्ण भरावी, आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करावी आणि गोठवू नये. मोठ्या जंतुसंसर्गातही रुग्णाचा स्वतःचा डीएनए वाढून टक्का दबतो. अशा वेळी टक्क्याबरोबर दात्याच्या डीएनएचे प्रत्यक्ष प्रमाणही पाहावे.

रिजेक्शनचा अंदाज देणारी दुसरी रक्तचाचणी पांढऱ्या पेशींतील २० जनुकांची, ० ते ४० गुणांची. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ६०२ रुग्णांच्या अभ्यासात ती नेहमीच्या बायोप्सीपेक्षा कमी पडली नाही. पण ते रुग्ण शस्त्रक्रियेला सहा महिने उलटलेले आणि कमी जोखमीचे होते, हे सांगायचे राहून जाते. स्टिरॉइडचा डोस मोठा असेल तर हे गुण भरवशाचे नाहीत. प्रतिपिंडांमुळे (अँटिबॉडी) होणाऱ्या रिजेक्शनसाठी दात्याविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी वेगळी करावी लागते. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन रक्तात वाढले तर इजा झाली एवढे कळते, कशाने ते नाही.

या सगळ्या नव्या चाचण्यांपेक्षा एका जुन्याच चाचणीतली चूक आम्हाला जास्त अस्वस्थ करते. शरीराने हृदय नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी सकाळची गोळी घेण्याआधी, म्हणजे आदल्या रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी मोजायची असते. गोळी घेऊन दोन तासांनी रक्त दिले की पातळी फुगलेली दिसते, डोस कमी केला जातो आणि शरीराला हृदय नाकारायला मोकळे रान मिळते. गोळी सोबत न्या, रक्त द्या, मग घ्या. आदल्या रात्री कितीला घेतली ती वेळ नमुन्याच्या कागदावर लिहून द्या. क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीवरच्या काही गोळ्या आणि ग्रेपफ्रूट यांनी पातळी चढते, रिफॅम्पिसिनने कोसळते. नवे औषध सुरू झाले की पातळी लवकर पुन्हा मोजून घ्यावी.

प्रत्यारोपित हृदयाच्या धमन्या हळूहळू आतून जाड होत जातात. मज्जातंतू कापलेले असल्याने बहुतेकदा छातीत दुखतही नाही. हा आजार रक्ताच्या अहवालावर सोडता येत नाही, त्यासाठी अँजिओग्राफी ठरल्या वेळी व्हायलाच हवी. आणि जिना चढताना नव्याने दम लागला किंवा पावलांवर सूज आली, तर कालचा रक्ताचा अहवाल कितीही चांगला असो, इको त्याच दिवशी करून घ्यावा.

आपले,
प्रत्यारोपणोत्तर तपासण्यांचे काम करणारे काही वाचक