झाडासाठी थांबलेल्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

समोर कुणी आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच पिशवीत पाण्याची बाटली शोधू लागता. म्हणून लिहितेय, आणि मुद्दाम चारचौघांत लिहितेय, म्हणजे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

वर्ष झालं आपल्या भटकंतीला. जवळच्याच टेकड्या, जवळचीच कलादालनं. त्यात मिरवावं असं एकही ठिकाण नाही. कुठे कुठे गेलो त्याची यादी गटातल्या हौशी मंडळींनी केव्हाच केली आहे, ती पुन्हा देत नाही. मला एकाच थांब्याबद्दल बोलायचंय.

सुरुवातीच्याच एका चढणीवर माझी धाप आवरेना. बाकीचे वळणापलीकडे दिसेनासे झाले होते. तुम्ही वळून पाहिलंत. ‘काय झालं?’ विचारलं नाहीत. ‘थोडंच राहिलंय’ हे डोंगरातलं सर्वात जुनं खोटंही बोलला नाहीत. एका दगडावर बसलात, वही काढलीत आणि म्हणालात, ‘मला हे झाड काढायचंय. थोडं थांबलं तर चालेल ना तुम्हाला?’

चालेल ना तुम्हाला! दम माझा गेला होता आणि परवानगी तुम्ही मागत होतात. झाडही काही बघण्यासारखं नव्हतं. अर्धं वाळलेलं, एका अंगाला कललेलं. पण तुम्ही नुसता बहाणा करत नव्हता. खरंच निरखून काढत होतात. मग दुसरी पेन्सिल माझ्या हातात दिलीत. ‘फांद्या नका काढू. दोन फांद्यांच्या मध्ये आकाशाचा जो तुकडा दिसतो ना, त्याचा आकार काढा.’ मी एकेक तुकडा काढत गेले आणि कागदावर आपोआप झाड उभं राहिलं. श्वास कधी जागेवर आला, कळलंही नाही.

याआधी मी दुसऱ्या एका गटाबरोबर जात असे. नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. तिथली रीत अशी, की पुढच्यांनी वर पोचायचं, बसायचं, पाणी प्यायचं, फोटो काढायचे आणि शेवटचा माणूस धापा टाकत आला की ‘चला, आले सगळे!’ म्हणून उठायचं. म्हणजे विश्रांतीची ज्याला सर्वात जास्त गरज, नेमकी त्यालाच ती मिळायची नाही. त्यांचे म्होरके हिशेबाचे पक्के. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक नियम मांडला होता : अंतराच्या दर 3 मैलांना 1 तास आणि चढाच्या दर 2000 फुटांना आणखी 1 तास. तो यांना तोंडपाठ. त्या नियमावर बोट ठेवून मी किती मागे आहे ते मला दर वेळी ऐकवलं जाई. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात. ‘त्या हिशेबात थांबणं धरलेलंच नाही. ते ज्याचं त्याने धरायचं असतं.’ इतकी वर्षं हे मला कुणी सांगितलं कसं नाही?

चित्रांच्या बाबतीतही तेच. एका हौशी वर्गात शिक्षकांनी माझं चित्र सगळ्यांसमोर धरून ‘ओळखा पाहू’चा खेळ केला होता. (तो घोडा होता. एकाने टेबल म्हटलं.) त्यानंतर कित्येक वर्षं मी ब्रशला हात लावला नाही. तुम्ही मात्र आजवर कुणाच्याही वहीत न विचारता डोकावला नाहीत. दाखवलं तर पाहता आणि पाहून झाल्यावर काहीतरी विचारता. ‘ही सावली इकडे कशी पडली?’ एवढंच. मग आपणच परत जाऊन बघतो.

कलादालनात तर मी आधीपासूनच बिचकून असायची. कागदावरच्या चित्रांच्या त्या अंधुक खोलीत मला वाटलं, आपली नजर गेली. तुम्ही म्हणालात, दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहा, डोळे सरावतील. जलरंग उजेडाने फिके पडतात, म्हणून तिथे उजेड साधारण 50 लक्सच ठेवतात (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). तैलचित्रांना 200 पर्यंत चालतो. आणि तीन चित्रं पाहून झाल्यावर सरळ बाकावर जाऊन बसलात. चित्रं बघून माणूस दमतो, हे बोस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी 1916 मध्येच लिहून ठेवलंय म्हणे. वस्तू बघताना माणसाला किती वाकावं, किती मान वळवावी लागते त्याचे फोटोसुद्धा काढले होते त्यांनी. म्हणजे तिथेही दमणारी मी एकटी नव्हते! बाकीचे दालन ‘उरकत’ होते, आपण बसलो होतो. मला ती तिन्ही चित्रं आजही डोळ्यांसमोर दिसतात.

मदत करणारे तसे पुष्कळ भेटतात. पण बरेच जण हात देता देता दुसऱ्या हाताने पावतीही फाडतात. सांभाळून घेतलं म्हणून फोटो, सांभाळून घेतलं म्हणून चार ठिकाणी किस्सा. ज्याला सांभाळलं तो बिचारा जन्मभर ‘तो मागे राहिलेला’. तुम्ही त्या दिवशी वर पोचल्यावर सगळ्यांना सांगितलंत, ‘माझ्यामुळे उशीर झाला, झाड सुटेना.’ मी शेजारी उभी होते. घशात काहीतरी अडकलं, बोलता आलं नाही. तेव्हाचं राहिलेलं आता बोलतेय.

आणि एक गंमत तुमच्या लक्षात आली आहे का? गटात आता कुणालाच दम लागत नाही. सगळ्यांना काही ना काही काढायचं असतं. तो ताडमाड उंच मुलगा, जो पहिल्यांदा टेकडी चढला नव्हता तर पळाला होता, परवा नव्या आलेल्या काकांसाठी वारुळासमोर वही उघडून बसला. चित्र भयंकर होतं. काका मात्र खुशीत होते.

तर ताई, वर्षभर तुम्ही सगळ्यांच्या मागे राहून चाललात. वर सगळ्यांच्या आधी पोचल्यावर काय दिसतं, ते तुम्ही एकदाही पाहिलेलं नाही. पुढच्या वेळी तुम्ही पुढे व्हा, मागे मी राहते. पेन्सिली दोन घेतल्यात, टोकं करून.

तुमची,
शेवटून पहिली