भात आधी, मासा नंतर: सुशीवाल्या ताईंना आभाराचं पत्र

नाशिक

ताई,
स. न. वि. वि.

हे पत्र गंगापूर रोड, कॉलेज रोड आणि पंचवटीतल्या आम्हा सगळ्यांकडून. तुमच्या काउंटरवर घरच्यांना, मित्रांना घेऊन येणारी आणि एरवी घरी स्वतः सुशीचे रोल वळणारी अशी आता बरीच मंडळी आहेत. तुम्ही जे शिकवलंत ते नेमकं काय होतं, हे एकदा लिहून सांगावं असं सगळ्यांच्याच मनात होतं.

सुशी, म्हणजे व्हिनेगर घातलेल्या भाताचा जपानी पदार्थ, म्हटलं की माणसं माशाबद्दल बोलू लागतात. तुम्ही आधी भात हातात दिलात, यासाठी पहिले आभार. इगतपुरी-त्र्यंबककडचा इंद्रायणी चालतो, हे तुम्ही ठामपणे सांगितलंत म्हणून तर सुशी आमच्या घरात आली. जपानी आखूड तांदूळ मिळाला तर उत्तमच, पण तो दर वेळी परवडत नाही. बासमतीचा दाणा दाण्याला धरत नाही, रोल कापला की भात ताटभर सांडतो. इंद्रायणी धरतो, फक्त पाण्याच्या बाबतीत फार हळवा.

तुमचं प्रमाण आता आम्हाला पाठ आहे. 300 ग्रॅम तांदूळ हलक्या हाताने चार-पाच पाण्यांतून धुवायचा, अर्धा तास भिजवायचा आणि चाळणीत पंधरा मिनिटं निथळायचा. जपानी तांदूळ असेल तर वाटीला वाटीभर पाणी आणि वर एक मोठा चमचा. जुना इंद्रायणी असेल तर सव्वा वाटी. जाड बुडाचं पातेलं, घट्ट झाकण, उकळी आली की मंद आचेवर 12 मिनिटं, मग गॅस बंद करून आणखी 10 मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. कुकरच्या शिट्ट्यांनी दाणा फुटतो आणि खिमट होतं, त्याची सुशी वळत नाही.

एवढ्या भाताला 45 मिली राईस व्हिनेगर, 20 ग्रॅम साखर, 5 ग्रॅम मीठ. साखर-मीठ विरघळेपर्यंत कोमट करायचं, उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर आंबटपणाचा वासच उडून जातो. दुकानातलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर घशाला झोंबतं, ते लोणच्यालाच ठेवावं. आणि हे सगळं भात वाफाळता असतानाच ओतायचं. गार भात ते पीत नाही, मग वरचा भात फिका आणि तळचा आंबट ओला होतो.

जपानी लाकडी टोपाऐवजी तुम्ही घरातली काथवट काढायला लावलीत, त्याचं तर विशेष कौतुक. लाकूड जादा ओल शोषून घेतं. पण काथवट आधी ओल्या फडक्याने पुसलेली हवी, कोरडी राहिली तर भाताआधी तीच व्हिनेगर पिते. उलथनं उभं धरून भात कापल्यासारखा मोकळा करायचा, घोटायचा नाही, आणि दुसऱ्या हाताने वारा घालायचा. दाण्यावर चकाकी आली आणि भात अंगाइतका कोमट राहिला की थांबायचं. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत तो बघता बघता गार पडतो, म्हणून लगेच ओलं फडकं झाकायचं. फ्रिज मात्र कधीच नाही. थंडीत स्टार्च आवळतो, दाणा खडखडीत होतो आणि परत गरम केला तरी पहिली चव येत नाही. भात त्याच दिवशी, काही तासांत संपवायचा.

नोरीचं पान, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागदासारखा ताव, खडबडीत बाजू वर करून बांबूच्या छोट्या चटईवर ठेवायचं, गुळगुळीत बाजू बाहेर. बारीक रोलला अर्धं पान आणि साधारण 80 ग्रॅम भात. पलीकडच्या कडेला बोटभर पट्टी रिकामी, नाहीतर रोल मिटत नाही. भात बोटांनी दाबला की रोलच्या पोटात गोळा होतो, नुसता पसरायचा. सुरी दर कापाला ओल्या फडक्याने पुसायची. पावसाळ्यात उघडं राहिलेलं पान चामड्यासारखं चिवट होतं; हवाबंद डबा, आत सिलिकाची पुडी, आणि वळण्याआधी आचेवरून एकदा भरकन फिरवून घेणं, यावर आमचं सगळं भागतं.

आता माशाबद्दल, कारण खरे मोठे आभार इथे आहेत. कच्च्या माशाला तुम्ही ज्यांना ज्यांना नाही म्हणालात, त्या सगळ्यांच्या वतीने हे लिहितो आहोत. मुंबईहून बर्फात आलेला मासा कितीही ताजा दिसला तरी तो रस्सा आणि तव्यासाठी आणलेला असतो. कच्चा खाण्यासाठी त्याची हाताळणीच झालेली नसते. रोहू-कटला आणि धरणातला कुठलाही गोड्या पाण्यातला मासा कच्चा खायचाच नाही, त्यातून परजीवी पोटात जाऊ शकतात. इंडियन सॅल्मन म्हणून विकला जाणारा रावस सुशीच्या सॅल्मनपेक्षा अगदी वेगळा मासा आहे, हे तुम्ही दोन्हींचे तुकडे शेजारी ठेवून दाखवलंत: एक नारिंगी, पांढऱ्या चरबीच्या रेघांचा, दुसरा फिकट आणि घट्ट. परजीवी मारायला मासा उणे 20 अंशांवर सात दिवस, किंवा उणे 35 अंशांवर गोठवून त्याच तापमानाला 15 तास ठेवावा लागतो. घरचा फ्रीझर जेमतेम उणे 18 पर्यंत जातो आणि दार उघडलं की वर येतो. शिवाय गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत. गरोदर बाई, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांच्या ताटात कच्चा मासा नको, हेही तुम्ही गिऱ्हाईक नाराज होईल याची पर्वा न करता सांगता.

आणि नाही म्हणून तुम्ही कुणाला उपाशी उठवलं नाहीत. एदोत, म्हणजे जुन्या तोक्योत, एकोणिसाव्या शतकात निगिरी, म्हणजे हाताने वळलेल्या भातावर माशाचा तुकडा ठेवलेली सुशी, रुळली तेव्हा बर्फाची सोय नव्हती. मासा मिठात, व्हिनेगरात किंवा सोया सॉसात मुरवत, नाहीतर शिजवत. त्यामुळे उकडलेली कोळंबी, अंडं किंवा भाजलेला मासा घातलेली सुशी दुय्यम ठरत नाही. हे ऐकल्यापासून आमच्याकडचे आजी-आजोबा मोकळ्या मनाने जेवायला बसतात.

शाकाहारी माणसांची तुम्ही घेता तेवढी काळजी फार कमी ठिकाणी दिसते. काकडीचा रोल शाकाहारी आहे म्हणून सोबतचं मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं सूप, शाकाहारी ठरत नाही, त्याच्या पाण्यात बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. वरचे नारिंगी दाणे म्हणजे माशाची अंडी. क्रॅब स्टिक पांढऱ्या माशाच्या लगद्याची असते आणि तिच्यात अंडंही असू शकतं. तुम्ही वेगळी चटई, वेगळी सुरी, वेगळा पाट वापरता, आणि शाकाहारी रोल आधी वळता. काकडी, अव्होकाडो, सोया सॉसात शिजवलेलं शिताके मशरूम, तळलेल्या तोफूच्या (सोया पनीरच्या) पिशवीत भरलेला भात, एवढ्यात चार जणांचं जेवण होतं. जैन पाहुण्यांसाठी गाजर, मुळा, आलं आणि वसाबी (झणझणीत हिरवी जपानी चटणी) तुम्ही न सांगता वगळता. नोरी हे समुद्री शेवाळ आहे, मासा नव्हे, हे तर तुम्ही किती जणांना शांतपणे समजावलं असेल!

सहा-आठ जणांनी सगळी ऑर्डर एकदम द्यायची नाही, हा तुमचा नियम आम्ही आता दुसऱ्या शहरांतही पाळतो. मोठ्या माणसाला दहा-बारा तुकडे पुरतात. निम्मे आधी मागवायचे, बाकीचे ते संपत आल्यावर, कारण रोल ताटात पडून राहिला की नोरी ओली होते. आधी हलक्या चवीचे मासे, मग चरबीचे, मेयो-सॉसवाले रोल शेवटी. निगिरी हाताने खाल्ली तरी चालते. सोयात माशाची बाजू टेकवायची, भात बुडवला की तो फुटतो आणि तोंडात नुसतं मीठ येतं. आल्याचे काप दोन तुकड्यांच्या मधे खायचे, तुकड्यावर ठेवून नाही. वसाबी सोयात कालवली की तिचा झणका मरतो. चॉपस्टिक भातात उभ्या रोवायच्या नाहीत आणि एकमेकांच्या चॉपस्टिकला घास द्यायचा नाही, दोन्ही गोष्टी जपानमध्ये अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत. मुलांना हे तुम्ही न रागावता सांगितलंत, म्हणून त्यांच्या लक्षात राहिलं.

दिवाळीनंतर नवा इंद्रायणी येईल. त्याला सव्वा वाटी पाणी जास्त होतं, जपानी तांदळाइतकंच घ्यायचं, हे लिहून ठेवलं आहे. शिताके शिजवण्याचं तुमचं सोया-साखरेचं प्रमाण मात्र सगळ्यांना हवं आहे, सवडीने कळवावं.

तुमचे ऋणी,
नाशिकची तुमची नेहमीची मंडळी