गुत्त्यातला माळकरी

स्मेथिक, बर्मिंगहॅमजवळ, इंग्लंड
रविवार, संध्याकाळ

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

"माळकऱ्याचं पोर गुत्त्यात बसायला लागलं म्हणे!" हा तुझा निरोप वाचला. पबमधला फोटो मीच टाकला होता, तेव्हा तक्रार करायला जागा नाही. पण याचं उत्तर अंगठा दाखवून देता येणार नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो. आधी एक सांगून टाकतो. माळ गळ्यातच आहे आणि फोटोतला पेला लिंबू-सोड्याचा आहे.

पब म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे आपल्या स्टँडमागची परमिट रूम आली असणार. दिवसाढवळ्या अंधार, दाराला मळका पडदा, आणि बाहेर पडताना रुमालाने तोंड पुसत इकडेतिकडे बघणारे काका. इथे आमच्या गल्लीतल्या पबमध्ये दुपारी चारला एक आजी कुत्रा घेऊन येतात. कुत्रा गालिच्यावर पसरतो, आजी शब्दकोडं सोडवतात. अर्धा पाइंट बिअर, म्हणजे पाव लिटरहून थोडी जास्त, त्यांना दीड तास पुरते, आणि उठा म्हणून कुणी सांगत नाही. अशा घराजवळच्या ठरलेल्या पबला ही मंडळी 'माझं लोकल' म्हणतात. मला पहिले दोन महिने वाटायचं, स्टेशनबद्दल बोलतायत.

मी पहिल्यांदा आत शिरलो तो पावसामुळे. नोव्हेंबर, बस चुकलेली, बूट भिजलेले. कोपऱ्यातलं टेबल पकडून ऐटीत बसलो. वीस मिनिटं झाली तरी वेटर येईना. म्हटलं, झालं, आपला रंग बघून टाळतायत. मनातल्या मनात कडक इंग्रजीत तक्रारही जुळवून ठेवली. तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्याने पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "इथे कुणी येत नसतं, बाबा. काउंटरला जावं लागतं."

या काउंटरमध्येच सगळी गंमत आहे, बंड्या. तिथे रांग नसते. पाच-सहा जण आडवेतिडवे उभे असतात, पण कुणाच्या आधी कोण आलं हे प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि सगळ्यांत जास्त मालकीणबाईंना. मी आपला नोट हलवत पुढे सरकलो, तर त्यांनी माझ्याकडे न बघता दुसऱ्याचा पेला भरायला घेतला. पुढच्या वेळी मुकाट उभा राहिलो, तर भुवई उडवून म्हणाल्या, "तुझा नंबर, बॅब." बॅब म्हणजे इकडचं 'बाळा'. चाळिशीतल्या बाप्याला परक्या मुलखात कुणी बाळा म्हणालं, की बरं वाटतं रे. उगाच कशाला खोटं बोलू.

दोन वर्षं झाली, मला शेजाऱ्याचं नाव माहीत नाही. बसमध्ये कुणाशी बोललास तर लोक फोन कानाला लावतात. पण त्या चार हात लाकडी फळीला कोपर टेकलं, की कुणाशीही बोलायची मुभा असते. हवा, फुटबॉल, गुडघेदुखी, काहीही. आणि बोलायचं नसेल तर पेपर उघडायचा, कुणी छेडत नाही. आपल्याकडे पारावर बसलं की निदान "काय, आज कामाला नाही?" हे तरी ऐकावं लागतंच. इथे तेही नाही.

बरं, राउंडची भानगड ऐक. चौघे बसले की एकाने चौघांचं आणायचं, मग दुसऱ्याने. हिशेब कुणी लिहीत नाही, पण आपली पाळी यायच्या आत जो सटकतो त्याची कीर्ती वर्षभर टिकते. माझ्या सोड्याची किंमत ती काय, आणि पाळी आली की तीन पाइंट माझ्या खिशातून! सुरुवातीला पोटात दुखायचं. मग लक्षात आलं, की त्या येण्या-देण्यामुळेच पुढच्या गुरुवारी जावं लागतं. उधारी शिल्लक असली की माणसं धरून राहतात.

बिअरबद्दल मी बोलणं म्हणजे अतीच. पण मालकीणबाईंनी एकदा तळघर दाखवलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. खाली बारा अंशांच्या आसपास गारवा, ओल्या दगडाचा आणि आंबोणाचा वास, आणि लाकडी घोडीवर आडवी ठेवलेली पिंपं. एका पिंपात ७२ पाइंट. ही बिअर कारखान्यातून निघते तेव्हा जिवंत असते, पिंपातही आंबतच राहते. वरच्या भोकात आधी मऊ लाकडाची खुंटी ठोकतात, तिच्यातून वायू हळूहळू निघतो. मग टणक खुंटी. गाळ खाली बसेपर्यंत पिंपाला धक्का लावायचा नाही, आणि एकदा तोटी ठोकली की तीनेक दिवसांत संपवायचं, नाहीतर व्हिनेगर. वर काउंटरवरचा लांब दांडा ओढतात तो साधा हातपंप, गॅसबिस काही नाही. म्हणजे कारखाना एक, बिअर एक, पण एका पबात ती अमृत आणि दुसऱ्यात मोरीत ओतण्यासारखी. चहा पावडर एकच असून एखाद्याच टपरीला गर्दी का, तसंच. सगळं हाताला आहे. मोठ्या कंपन्या सगळीकडे थंडगार, गॅस भरलेली बिअर खपवू लागल्या, तेव्हा चार दोस्तांनी १९७१ साली 'कॅम्रा' ही चळवळ सुरू केली, ती ही हातपंपाची बिअर वाचवायला.

आणि हो, ती नितळ व्हावी म्हणून पुष्कळदा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात! हे कळल्यावर मी कपाळाला हात लावला. म्हणजे उद्या माळ उतरवली तरी शाकाहारी माणसाला चौकशी करूनच प्यावं लागणार.

आता जरा कडू. पहिल्या दिवशी मला रंगाची शंका आली, ती अगदीच हवेतली नव्हती. जुन्या पबांत दोन खोल्या असायच्या. कामगारांसाठी साधी बार, आणि गालिचा-गाद्यांची स्मोक रूम. १९६०च्या दशकात याच स्मेथिकमध्ये ओतशाळांत राबणाऱ्या पंजाबी माणसांना कित्येक पबांत त्या चांगल्या खोलीत पेला मिळत नसे. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतार सिंग जौहल यांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली. १२ फेब्रुवारी १९६५ला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते, खुद्द माल्कम एक्स इथे आले, आणि जौहल त्यांना मुद्दाम अशा एका पबात घेऊन गेले. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम यांचा खून झाला. त्याच वर्षी सार्वजनिक जागी रंगावरून नकार देणं कायद्याने बंद झालं.

माल्कम दारू पीत नसत. हे माझ्या डोक्यातून जात नाही. ज्याला प्यायचं नाही तो माणूस थंडीत इतक्या लांब येऊन पबच्या काउंटरशी उभा राहतो, तो काय मागत असेल? मीही सोडा घेऊन तिथेच कोपर टेकतो.

आज याच भागातले कितीतरी पब पंजाबी लोक चालवतात. 'देसी पब' म्हणतात त्यांना. हातपंप तसाच, डार्ट्सचा, म्हणजे बाणफेकीच्या खेळाचा, बोर्ड तसाच, आणि वर तापल्या तव्यावर चरचरत येणारं मिक्स्ड ग्रिल. मला पनीर टिक्क्यावर भागवावं लागतं, पण गोरे म्हातारे हिरवी मिरची चावून नाक पुसत खातात ते बघण्यासारखं असतं.

आमच्या पबच्या डार्ट्सच्या चमूत मला घेतलंय, पण खेळायला नाही, गुणांचा हिशेब लिहायला. पाचशे एकापासून वजा करत खाली यायचं असतं, आणि रात्री दहानंतर शुद्धीवर असणारा मी एकटाच. शिवाय तिप्पटीच्या पट्टीत बाण लागला की ही मंडळी बोटं मोजत बसतात. मी पुटपुटतो, "एकोणीस त्रिक सत्तावन्न," आणि आकडा लिहून मोकळा. मास्तरांनी छडी मारून पाठ करून घेतलेले पाढे असे कामाला येतील असं वाटलं नव्हतं. त्यांना वाटतं मी मंत्र म्हणतो. मी वाटू देतो.

मंगळवारी सामना आहे. खडू माझ्याकडे आहे, म्हणून आता आवरतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
नाना

ता. क. फोटो आबांना दाखवणारच असशील, तर मोठा करून दाखव. पेल्यात लिंबाची फोड दिसते.