सप्ताहाची पंगत आणि निवडणुकीचा हिशेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

धर्म आणि राजकारण यांच्या नात्यावरची आपल्याकडची चर्चा श्रद्धेपाशी सुरू होऊन श्रद्धेपाशीच अडते. त्यातला पैसा कोणी मोजत नाही.

एरिक चेनी या अर्थतज्ज्ञाने २०१३ साली मध्ययुगीन इजिप्तचा अभ्यास प्रसिद्ध केला. नाईलच्या पुराच्या नोंदी आणि ११६९ ते १४२५ या काळातल्या मुख्य काझींच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राप्रमाणे न्याय देणाऱ्या प्रमुख न्यायाधीशांच्या, नेमणुका त्याने ताडून पाहिल्या. पूर फार कमी किंवा फार जास्त आला की पीक बुडे, धान्याचे भाव चढत, बंडाचे भय वाढे. नेमक्या अशा वर्षी काझी बदलला जाण्याची शक्यता घटलेली दिसते. भुकेल्या लोकांना एका हाकेत गोळा करू शकणाऱ्या माणसाला दुखावणे सुलतानाला परवडत नव्हते.

मराठवाड्याला हे जसेच्या तसे लागू होणार नाही. येथे मतदान आहे, रेशन आहे, रोजगार हमी आहे. पण टंचाईच्या वर्षी माणसे कोणाच्या शब्दावर जमतात, हा प्रश्न येथेही विचारायलाच हवा.

गावचा अखंड हरिनाम सप्ताह घ्या. मंडप, कीर्तनकारांची बिदागी, रोजच्या पंगती, काल्याचा महाप्रसाद, सगळे लोकवर्गणीवर. सोयाबीन हातचे गेले की वर्गणी आटते, खर्च मात्र फारसा आटत नाही. मग एखादा इच्छुक उमेदवार मंडप किंवा पंगत आपल्याकडे घेतो. मोबदल्यात त्याला आयती जमलेली आणि एकमेकांवर विश्वास असलेली माणसे मिळतात. तो विश्वास माळ, एकादशी, मांसाहारवर्ज्य अशा नेमांतून वर्षानुवर्षे कमावलेला असतो. पैसे टाकून तो एरवी विकत मिळाला नसता.

यात कायदाही मोडत नाही. धर्माच्या नावावर मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) प्रमाणे भ्रष्ट आचार आहे. पंगतीत मत कोणी मागत नाही. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे, पण कलम ७७ फक्त उमेदवारी दाखल झाल्यापासून निकालापर्यंतचा खर्च धरते. सहा महिने आधीची पंगत त्यात येतच नाही. माझ्या मते खरी फट हीच आहे.

नोंदणीकृत देवस्थानाचे अनुसूची ९ मधील उत्पन्न-खर्च पत्रक धर्मादाय कार्यालयात असते. सप्ताह समित्या बहुधा नोंदणीकृत नसतात, मात्र दात्यांची नावे कीर्तनाआधी माईकवरून वाचली जातातच. तीच यादी रकमेसह फलकावर लावावी. आपल्या तालुका वार्ताहरांनी दहा वर्षांचे तीन आकडे जमवावेत: तालुक्याचा पाऊस, गावची वर्गणी, पुढाऱ्यांची देणगी. २०१५ आणि २०१८ ही दुष्काळी वर्षे त्यात यावीत. निवडणुकीची वर्षे मात्र वेगळी काढावीत, नाहीतर निवडणुकीमुळे वाढलेली देणगी दुष्काळाच्या नावावर जमा होईल.

– अर्थशास्त्राचा एक अध्यापक, लातूर