अर्पानेट म्हणजे इंटरनेट नव्हे

आपल्या रविवारच्या पुरवणीतील इंटरनेटच्या इतिहासावरील लेखात १९६९ च्या ‘अर्पानेट’ या अमेरिकी संगणक-जाळ्यालाच इंटरनेट म्हटले आहे, ते पटले नाही. अर्पानेट हे एकच जाळे होते; खरा पेच होता तो वेगवेगळ्या घडणीची जाळी, त्यांची अंतर्गत रचना न बदलता, एकमेकांना जोडण्याचा. अमेरिकी संगणकतज्ज्ञ व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी मे १९७४ मधील शोधनिबंधात त्यावर तोडगा मांडला: दोन जाळ्यांच्या वेशीवर ‘गेटवे’ म्हणजे त्यांना जोडणारा संगणक ठेवायचा आणि वाटेत हरवलेले पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, पुन्हा पाठवण्याची जबाबदारी दोन टोकांच्या संगणकांवर सोपवायची. या दुसऱ्या कल्पनेवर फ्रान्समधील लुई पुझँ यांच्या ‘सिक्लाद’ जाळ्याचे ऋण आहे, याचा उल्लेख मात्र आपल्याकडे क्वचितच होतो. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी कॅलिफोर्नियातील धावत्या व्हॅनमधून निघालेली माहिती रेडिओ, उपग्रह आणि अर्पानेट अशा तिन्ही जाळ्यांतून सुखरूप पोहोचली. ऐरोलीतून मी मोबाइलवरून पाठवलेला फोटो ठाण्यात बहिणीच्या केबल जोडलेल्या संगणकावर उमटतो, तो याच रचनेमुळे. जन्मतारीखच हवी असेल, तर अर्पानेटने याच तोडग्यातून घडलेली ‘टीसीपी-आयपी’ ही संगणकांच्या संवादाची नियमावली स्वीकारली तो १ जानेवारी १९८३ हा दिवस अधिक योग्य ठरेल.

– एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी, ऐरोली, नवी मुंबई