वडिलांची फाइल आधी वडिलांना वाचू द्या: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,

स.न.वि.वि.

माझ्या वडिलांना मधुमेह नाही. कधीच नव्हता. तरी गेली चार वर्षं त्यांच्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर 'मधुमेह' छापून येतो. कधीतरी गर्दीच्या वेळी कुणीतरी संगणकावर चुकीच्या चौकटीत टिक केली असणार. पुढच्या डॉक्टरांनी आधीचा सारांश कॉपी करून चिकटवला, त्यांच्या पुढच्यांनीही तेच केलं. कागदावरची चूक त्या कागदापुरती राहायची. ही चूक आता वडिलांच्या आधी वॉर्डात पोचते. सिस्टर विचारतात, "बाबांची शुगरची गोळी कुठाय?" मी सांगते, त्यांना शुगर नाही. त्या स्क्रीनकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि पुन्हा स्क्रीनकडे.

तरीही मी डिजिटल नोंदींच्या बाजूची आहे. का, ते एका रात्रीमुळे.

मागच्या वर्षी वडील अचानक गुंगीत गेले. नेहमीचं रुग्णालय लांब, म्हणून जवळच्या दुसऱ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी रक्त तपासलं. किडनी बिघडली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन २.१ आलं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "याआधी किती असायचं?" तो प्रश्न किती मोठा होता, हे मला नंतर समजलं. चार वर्षं २.० असेल, तर तो किडनीचा जुना आजार. शरीराने त्याच्याशी जुळवून घेतलेलं असतं, गुंगीचं कारण दुसरीकडे शोधायचं. पण महिन्यापूर्वी १.१ असेल, तर किडनीला आत्ता, या घडीला इजा होते आहे. लगेच कारण शोधायचं, कुठलं औषध बाधतंय ते बघायचं, लघवी अडली आहे का ते तपासायचं. आकडा तोच, आजार वेगळा. एकटा रिपोर्ट फार थोडं सांगतो, रिपोर्टांची रांग सगळं सांगते.

मी मोबाइलमधले फोटो धुंडाळत होते. एक रिपोर्ट सापडला, पण फोटो हललेला. १.१ आहे की १.७, ते डॉक्टरांनाही लागेना. नेहमीच्या रुग्णालयाच्या संगणकात वडिलांचे आठ वर्षांचे रिपोर्ट होते. फोन केला, तर उत्तर आलं, "सकाळी रेकॉर्ड विभागात येऊन अर्ज द्या." डॉक्टरांनी वाईटातली वाईट शक्यता धरून उपचार सुरू केले, गुडघेदुखीची गोळी थांबवली. सकाळी रिपोर्ट मिळाला: १.१. त्यांनी धरलं होतं ते बरोबर निघालं, आणि वडील सावरले. पण ती रात्र आम्ही अंदाजावर काढली, महोदय, आणि हवा असलेला आकडा पूर्ण वेळ एका कुलूपबंद सर्व्हरवर पडून होता.

म्हणून माझी पहिली मागणी आहे की नोंद रुग्णाबरोबर चालली पाहिजे. रिपोर्टची पीडीएफ ई-मेलवर आली म्हणजे काम झालं, असं कृपया समजू नका. पीडीएफ हा कागदाचा फोटोच. त्यातले आकडे दुसऱ्या रुग्णालयाच्या संगणकाला रांगेत लावता येत नाहीत. एक प्रयोगशाळा क्रिएटिनिन मिलिग्रॅममध्ये देते, दुसरी मायक्रोमोलमध्ये. १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर. एकच तपासणी दहा ठिकाणी दहा नावांनी लिहिली जाते. याची उत्तरं केव्हाच तयार आहेत. तपासण्यांना जगभर एकच ओळख देणारी लॉइंक ही संकेतप्रणाली १९९४ पासून घडत आली आहे. आजारांच्या वर्गीकरणाची आयसीडी-११ ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. एका संगणकातून दुसऱ्या संगणकात नोंदींची देवाणघेवाण करण्यासाठी फायर (FHIR) हे मानक आहे. रुग्णालयांना संगणकप्रणाली विकणाऱ्या कंपन्यांवर हे बंधनकारक करणं आपल्या हातात आहे. आपल्या सहीशिवाय ते होणार नाही, कारण रुग्ण आपल्याकडेच अडकून राहावा यात त्या प्रत्येक कंपनीचा फायदा असतो.

दुसरी मागणी माझ्या जास्त जिव्हाळ्याची आहे. रुग्णाला स्वतःची नोंद वाचता आली पाहिजे. रिपोर्ट तर हवेतच, पण डॉक्टरांनी काय लिहिलं तेही. यावर नेहमीचा आक्षेप असा, की लोक घाबरतील आणि डॉक्टरांचा वेळ खातील. अमेरिकेत २०१० मध्ये ओपननोट्स नावाचा प्रयोग झाला. शंभरावर डॉक्टरांनी आपली टिपणं हजारो रुग्णांना वर्षभर खुली ठेवली. वर्ष संपल्यावर एकाही डॉक्टरने ती बंद केली नाहीत, आणि जवळपास सगळ्या रुग्णांना ती पुढेही हवी होती. वडिलांच्या नोंदीतला 'मधुमेह' पहिल्याच दिवशी कुणी पकडला असता? ज्यांना तो नाही, त्यांनीच. मात्र नुसतं वाचून भागणार नाही. चूक दाखवायची सोय हवी, आणि ती ठराविक दिवसांत तपासून दुरुस्त करण्याची जबाबदारी एका नेमलेल्या माणसावर हवी. मी तीनदा लेखी कळवलं आहे. तिन्ही वेळा पोच मिळाली.

डॉक्टरांवर माझा राग नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत डॉक्टरांच्या दिवसाचं मोजमाप झालं, तेव्हा रुग्णासोबतच्या एका तासामागे जवळपास दोन तास संगणकावर आणि टेबलावरच्या कामात जात होते. इतका बोजा असेल तर कॉपी-पेस्ट होणारच. नवी प्रणाली घेताना ती रोज वापरणाऱ्या डॉक्टर-नर्सना आधी विचारा. निविदेत किंमत बघता, तशी एक साधी नोंद करायला किती क्लिक लागतात तेही बघा.

आणि भीतीचं बोलायलाच हवं. फिनलंडमध्ये २०२० मध्ये एका खासगी मानसोपचार केंद्राच्या नोंदी चोरीला गेल्याचं उघड झालं. हजारो रुग्णांना एकेकट्याला खंडणीच्या ई-मेल आल्या: पैसे द्या, नाहीतर तुम्ही समुपदेशकाला सांगितलेलं जगाला सांगू. गेलेला पासवर्ड बदलता येतो. आजार कसा बदलणार? एस्टोनियात रुग्णाला आपली नोंद कुणी आणि केव्हा उघडली ते स्वतः पाहता येतं. मला तसंच हवं आहे. वडिलांची फाइल मध्यरात्री कुणी उघडली, तर सकाळी ते वडिलांना दिसलं पाहिजे, आणि का उघडली हे विचारायला जागा पाहिजे. विमा कंपनीला किंवा औषध कंपनीला ती कुठल्याशा संमतीपत्राच्या बारीक अक्षरांतून मिळता कामा नये.

आता या नोंदींवर शिकलेली यंत्रं उपचारांचे सल्लेही देऊ लागली आहेत. वडिलांना मधुमेह आहे असंच ती शिकतील.

पुढच्या महिन्यात वडिलांची पुन्हा तपासणी आहे. मी सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून ठेवले आहेत, फोटो स्पष्ट काढले आहेत आणि पहिल्या पानावर लाल पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: 'मधुमेह नाही.' आपल्या खात्याकडून त्याआधी उत्तर आलं, तर तेही त्याच फाइलला लावेन.

आपली विश्वासू,
एका रुग्णाची मुलगी