मूठभर ज्वारीचा उपवास

संपादक महोदय,

मराठवाड्यातली ख्रिस्ती तरुण मुलं नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातात आणि उपासनेपासून तुटतात, ही खंत नेहमी ऐकू येते. नुसत्या उपदेशाने ती परतणार नाहीत. श्रद्धा घरात हाताने करताना दिसली पाहिजे.

राखेच्या बुधवारापासून (अ‍ॅश वेन्सडे) पुनरुत्थान दिनापर्यंत (ईस्टर), रविवार वगळून, उपवासाचे 40 दिवस असतात. या काळात रोज भाकरी थापण्याआधी गरजूंसाठी मूठभर ज्वारी वेगळ्या डब्यात टाकावी. मूठ साधारण 50 ग्रॅमची, म्हणजे घरामागे 2 किलो. 25 घरांची अर्धा क्विंटल. पीठ ठेवू नये, ज्वारीचं पीठ लवकर कडवट होतं. डबा कोरडा हवा, वर कडुलिंबाचा वाळलेला पाला. ओल राहिली की सोंडे लागतात आणि घेणाऱ्याच्या पदरी किडकं धान्य पडतं.

खरी चूक वाटपात होते. धान्यासोबत पत्रकं देणं, फोटो काढणं आम्हाला मुळीच पटत नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, असं प्रभूनेच सांगितलंय (बायबल, मत्तय 6:3). शेजारच्या गरजू घरी, जात-धर्म न विचारता, दिवेलागणीनंतर पिशवी पोचवावी. ती घेऊन मुलांनाच पाठवावं.

— काही ख्रिस्ती वाचक, जालना